फागूकाकांच्या घरची डिस्क

रायपूर, ९ डिसेंबर २०२५

डिंपलताई,

सुरुवातीला काय लिहायचं तेच समजेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तू माझा नंबर ब्लॉक केला ते बरोबरच केलं. पण पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पाकीट. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडी चालून गेल्यासारखं. समजून घे.

जिजाजींवर रागवू नको. फोन मीच लावतो, ते बिचारे फक्त उचलतात. परवा म्हणाले, "क्यों साले साहब, जिंदा हो? तुम्हारी दीदी का स्टुडिओ फिर खुल रहा है, संक्रांत के आसपास." मला इतकं बरं वाटलं की सायकल तिथंच उभी केली आणि उसाचा रस प्यालो. भर डिसेंबरात. रसवाला बालाघाटचा निघाला, त्याची एक गंमत आहे, पण ती राहू दे.

इथं मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. घरोघरी जाऊन रक्ताच्या बाटल्या आणायच्या. सुई मी टोचत नाही, घाबरू नको, त्याची सिस्टर वेगळी आहे. उरलेल्या वेळात मालक कैलाश भैयांच्या कॉम्प्युटरजवळ बसतो. जिजाजी सांगत होते की तू सगळ्यांना विचारून राहिली, डेटाची दुसरी प्रत दुकानाबाहेर कुठं ठेवायची आणि स्वस्तात कशी. मला तू विचारणार नाहीस. तरी सांगतो, कारण या एका गोष्टीत मी आता थोडा शहाणा झालो आहे.

सप्टेंबरमध्ये लॅबच्या रिसेप्शनवालीनं जुन्या रिपोर्टांचा अख्खा फोल्डर चुकून उडवला. भैया हसले. म्हणाले, इंटरनेटवर आहे ना आपली प्रत. उघडून पाहतात तर तिथूनही गायब. कारण त्यांनी जे घेतलं होतं ते नुसतं दोन्हीकडचं सारखं ठेवणारं होतं. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं. भैया दोन दिवस जेवले नाहीत. म्हणून घेताना पहिला प्रश्न हा विचार, की आज पुसलेली फाईल महिन्यानं परत मिळते काय. "हो" म्हणत असतील तरच पुढं बोल.

दुसरं, सगळंच वर चढवायला जाऊ नको. आपल्या कुडव्याच्या नेटवर लग्नाचे व्हिडिओ चढवत बसलीस तर त्या नवरा-नवरीची पोरं शाळेत जातील, तरी चढणं चालूच राहील. लग्नवाल्यांना आपण पेनड्राइव्ह देतोच. म्हणजे एक प्रत त्यांच्या घरी असते. आपल्या एकट्याजवळ काय असतं? पासपोर्ट फोटो. शाळावाले, फॉर्मवाले, पेन्शनवाले. तो फोल्डर लहान आहे, साठ जीबीच्या वर नसेल. तेवढा क्लाऊडवर ठेव. शटर लावायच्या वेळेला आपोआप चढते. कोणाला काही घेऊन कुठं जावं लागत नाही. ही मोठी गोष्ट आहे, ताई. माणूस मधे राहतच नाही.

सालेकशाची पद्धत पुन्हा सुरू करू नको. तेव्हा ती आपल्याला परवडत होती, दोन डिस्का आणि मेमू गाडीचं तिकीट. एक डिस्क दुकानात, दुसरी सालेकशाला फागूकाकांच्या घरी, धान साठवायच्या ढोलीत, आणि दर शनिवारी मी जाऊन अदलाबदल करायची. बाबा तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी होते तेव्हापासूनचे काका, त्यांच्यापेक्षा भरवशाचं घर कोणतं, असं तूच म्हणाली होती. पण एप्रिलमध्ये स्टुडिओचा स्टॅबिलायझर पेटला, दुकान जळालं, आणि काकांकडे गेलो तर तिथली डिस्क सापडली नाही. आता कोण काय करणार? म्हातारा माणूस, येणारे-जाणारे, उंदरं. झालं ते झालं. त्यांचं नाव आता कोणाजवळ काढू नको, एवढंच म्हणतो.

तुझा,
दुर्गेश


रायपूर, २४ डिसेंबर २०२५

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दीड ओळ. "क्लाऊडला महिन्याचा खर्च किती आणि नेट बंद असलं तर काय, एवढंच लिही. बाकी काही लिहू नको." ते कार्ड मी लॅबच्या फ्रिजवर चिकटवलं आहे. आत लोकांचं रक्त आणि वर तुझं अक्षर. सिस्टर विचारत होती, कोणाचं आहे. मी म्हटलं, आमच्या मालकिणीचं.

तर एवढंच लिहितो. आपल्या फोल्डरपुरती जागा महिन्याला दोघांच्या चहा-समोशात येते. वर्षाचं एकदम भरलं तर त्याहून कमी. "अनलिमिटेड" लिहिलेलं असेल तिथं बारीक अक्षर जिजाजींकडून वाचून घे, त्यांना तशी सवय आहे, राईस मिलमध्ये दिवसभर तेच करतात. नेट बंद पडलं तर चढणं थांबते आणि नेट आलं की तिथूनच पुढं सुरू होते. महिन्यातून एकदा कोणताही एक फोटो परत उतरवून पाहायचा. उतरला तर बॅकअप आहे. नाही उतरला तर फक्त मनाचं समाधान आहे. पासवर्ड दोघांना माहीत पाहिजे. एक तू, दुसरे जिजाजी. मी नको.

इथं पत्र संपायला पाहिजे होतं. पण पान उरलं.

सुलोचनाबाईंच्या घरच्या तेरवीचं सारखं आठवते. तू कधी त्यावर बोलली नाहीस, मीही बोललो नाही. आग लागल्यावर आठव्या दिवशी त्यांचे यादोराव गेले आणि त्यांचा पुतण्या आपल्याकडे आला. "बाई, काकाजीचा फोटो मोठा करून द्या, तेरवीले पायजे." आपल्याकडे घरात कोणी गेलं की माणसं पहिले लाकडं पाहतात आणि मग स्टुडिओ. पूर्ण जन्मात एकदाच फोटो काढलेला माणूस, तोही पेन्शनच्या फॉर्मसाठी, आणि तोच फोटो मोठा होऊन भिंतीवर जातो. तुला तो फोटो पाठ होता. निळा सदरा होता, वरचं बटण मीच लावून दिलं होतं, असं तू म्हणाली. फाईल मात्र नव्हती.

मग तू आधारकार्डावरून काढायला बसली. शेजारच्या सायबर कॅफेतला कॉम्प्युटर उसना घेऊन दिवसभर. त्या कार्डावर माणसाला डोळे कुठं असतात? दोन काळे डाग. तू डोळे करत होती. एक जमला की दुसरा त्याच्याजोगा होईना. मी चहा आणून ठेवला, तो तसाच साय धरून राहिला. तेरवीला सुलोचनाबाईंनी त्या फोटोकडे पाहिलं आणि जावेला हळूच विचारलं, "हे कोन व्हय वो?" तरी त्यांनी हार घातला. मी मागेच उभा होतो, चपलांजवळ.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. न सांगता. तुला वाटलं, राखेचं काम करायचा कंटाळा आला म्हणून पळाला. तसंच समज.

दुर्गेश


राजनांदगाव, ७ जानेवारी २०२६

ताई,

लॅब सोडली. भांडण वगैरे काही नाही. कैलाश भैया म्हणाले, "तेरे पैर में चक्का लगा है क्या?" मी म्हटलं, असेल. आता इथं बसस्टँडजवळ एका हॉटेलात सकाळी पोहे देतो. मालकाचा पोपट आहे, गिऱ्हाईक आलं की "उधार नहीं" म्हणतो, आणि मालक स्वतः सगळ्यांना उधार देतो. पण ते जाऊ दे.

जिजाजींनी काल फोनवर जे सांगितलं ते आधी लिहितो. दिवाळीनंतर फागूकाका आपल्याकडे आले होते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सीताफळांची थैली घेऊन, दुकान कसं काय आहे ते पाहायला. आणि तू त्यांना पायरीवरच उभं केलं. जिजाजींनी जसं सांगितलं तसं लिहितो. तू म्हणाली, "एक वस्तू सांभाळाले दिली होती काका, ते नाही सांभाळता आली. आता दुकान कायले पाहता?" काका म्हणाले, "हो बाई. आमच्याच घरून हरपली." एवढंच. थैली पायरीवर ठेवली आणि पायी कुडव्याच्या चौकाकडे गेले. जिजाजी म्हणाले, "मैं स्कूटर लेके पीछे गया, बैठे नहीं."

आणि प्रियाचं. काकांच्या मुलीला, प्रियाला तू शब्द दिला होता, बारावी झाली की ये, कॅमेरा शिकवते, बायकांचे फोटो काढायला बाईमाणूस पाहिजेच. तिनं त्यासाठी आमगावला कॉम्प्युटरचा क्लास लावला होता. तिला तू जूनमध्ये कळवलं की येऊ नको. आता जिजाजी म्हणतात, ती मिरची तोडायच्या टोळीत तेलंगणात चालली आहे. २२ तारखेला, गुरुवारी. मिरचीत एकदा नाव लागलं की ते दरवर्षी लागते, ताई. मी त्या शेतांतून आलेल्या बाया पाहिल्या आहेत रायपूर स्टेशनवर. हातांना पाणी लावू देत नाहीत, एवढे भाजतात.

तू जिजाजींना म्हणाली म्हणे, त्या घरच्या माणसाच्या हातात मी लोकांचे फोटो पुन्हा देऊ?

ताई, मला वाटते काकांची चूक नसावी. मोहाचे दिवस होते, पहाटेपासून ते सारे जंगलात मोह वेचायला जात. घर उघडंच राहायचं. मी आपला जाऊन ढोलीचं झाकण उचलायचो, जुनी डिस्क काढायचो, नवी ठेवायचो आणि निघायचो. कोणी पाहायला नसायचं. तर शेवटच्या शनिवारी मी ती ठेवली की नाही, हे मलाच आता नीट आठवत नाही. एवढं मनात ठेवून प्रियाचं काय ते ठरव.

दुर्गेश


डोंगरगड, १४ जानेवारी २०२६

ताई,

आज संक्रांत. तुझं दुकान आज उघडलं असेल. मी इथं देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी बसलो आहे, वर गेलो नाही. प्रसादवाल्यानं विचारलं, "ऊपर नहीं गए?" म्हटलं, हिंमत नाही. त्याला वाटलं पायऱ्यांची.

"नीट आठवत नाही" असं मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं आहे. मला सगळं आठवते.

मार्चचा शेवटचा शनिवार होता. मी काकांच्या घरी पोचलो आणि पिशवी उघडली तर नवी डिस्क नव्हतीच. डबा दुकानातच राहिला होता, कॉम्प्युटरजवळ. ढोलीतली जुनी मी काढून घेतली, कारण संध्याकाळी तू ती मागणार. विचार केला, उद्या नवी आणून ठेवतो. उद्या गेलो नाही. तुला सांगितलंही नाही, कारण तू म्हणाली असती, एक काम धड होत नाही तुझ्यानं. खरंच म्हणाली असती.

पुढच्या शनिवारी डबा घेऊन निघालो. सालेकसा स्टेशनवरून काकांची टोल्यावरची वस्ती तासभर पायी आहे, आणि ऊन कसं होतं ते तुला माहीत आहे. मी उतरलोच नाही. पुढच्या स्टेशनला, दरेकशाला उतरून हाजरा फॉलला गेलो. तिथं झाडी आहे, बसायला दगड आहेत. एक माकड होतं, त्याचा एक कान... नाही, ते नको. संध्याकाळी परत आलो. तू डिस्क मागितली. मी एक तुझ्या हातात दिली आणि दुसरी माळ्यावर लपवली, फोटो काढताना मागे लावायच्या काश्मीरच्या पडद्याच्या गुंडाळीत. दोन्ही सारख्याच दिसत होत्या, म्हणून दोन्ही दुकानातच आहेत हे तुला कळलं नाही. तू म्हणाली, "काका कसे आहेत?" मी म्हटलं, "मजेत."

असे चार शनिवार केले. चार वेळा तू विचारलं, चार वेळा मी "मजेत" म्हटलं.

मग स्टॅबिलायझर पेटला. पहिले तो पडदाच पेटला.

तू मला त्या दिवशी काय म्हटलं ते आठव. तोंडाला काजळी लागलेली, आणि तू हसत होती. "जाऊ दे रे, सालेकशाला आहे ना आपलं सगळं. जा, घेऊन ये." मी गेलो. सालेकसा स्टेशनच्या बाकावर दोन तास बसलो आणि परत आलो. काकांच्या घरी गेलोच नाही. तुला येऊन म्हटलं, काकांकडे डिस्क मिळत नाही. त्यांच्या घरून कोणी भंगारवाल्याला दिली असेल. हे वाक्य मी गाडीत तयार केलं होतं. भंगारवाला पण मीच घातला.

आणि आता ते क्लाऊडचं. सल्ला खोटा नाही, घे तू क्लाऊड. पण मी जे पुन्हा पुन्हा लिहीत होतो की माणूस मधे राहत नाही, सालेकशाची पद्धत नको, काकांचं नाव नको, ते तुझ्या डेटासाठी नव्हतं. डिस्क पुन्हा काकांकडे गेली असती तर तुम्ही दोघं कधीतरी बोलला असता. ते होऊ नये म्हणून मी तुला एवढं शहाणपण शिकवून राहिलो होतो.

हे पत्र पोस्टात टाकायला पेटीजवळ दोनदा गेलो. दोन्ही वेळा पाकीट खिशातच राहिलं.


फागूकाकांचं अंगण, २० जानेवारी २०२६, मंगळवार

ताई,

वरचं डोंगरगडचं पत्र पोस्टात टाकलं नाही, ते याच पाकिटात आहे. पोस्टानं टाकलं असतं तर गुरुवारच्या आत तुला मिळालं नसतं, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे टाकायला हात होईना.

आज दुपारी इथं आलो. काकू अंगणात तांदूळ पाखडून राहिल्या होत्या. "कोन व्हय? दुर्गेश? ये ना बाबू, उन्हात काऊन उभा?" लोटाभर पाणी आणून दिलं. काका बाज विणत बसले होते. त्यांनी पहिले तुझं विचारलं. "बाई कशी हाय? दुकान झालं सुरू?" मी म्हटलं, झालं. मग त्यांनी दोरी खाली ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाबू, तुही ते वस्तू अजून नाही गवसली. बाईकडून निरोप आला तवापासून मी पाहूनच राहिलो. मागच्या महिन्यात घराचे कवेलू उतरवले, तवा वर बी पायलं."

नऊ महिने हा माणूस माझी डिस्क शोधून राहिला, ताई. छपराच्या कवेलूंच्या खाली.

मी सांगितलं. बसून नाही, उभ्यानंच सांगितलं. डबा विसरलो ते, आणि धबधब्याचे चार शनिवार, आणि भंगारवाला. सुपाचा आवाज तेवढा थांबला होता.

पहिले काकू बोलल्या. "दोन ढोल्या उपसल्या मी. सारं धान अंगणात काढलं, आन् त्याच दिवशी अवकाळी पाणी आलं." मग प्रियाकडे हात केला. ती दारात उभी होती, हातात टोळीसोबत न्यायची गोधडी होती. "आन् या पोरीले मारलं. म्हटलं, तूच नेली असशीन सिनेमा पाहाले. देवाच्या पुढं उभी केली हिले, शपथ घ्यायले लावली." एवढं बोलून काकू उठल्या, माझ्या हातातला लोटा घेतला आणि आत गेल्या. पाणी अर्धं होतं त्यात.

काकांनी विचारलं, "चार शनवार तू धबधब्यावर बसे?"

"हो काका."

"एप्रिलात पानी राहते काय तिथं?"

"नाही. बारीक धार."

"मंग कायले बसे?"



मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय बाजेखाली घेतले. म्हणाले, "राहू दे. पाया पडून माह्या पोरीचा मार वापस होते काय? म्या तं त्या बाईच्या पायरीवर कबूल केलं का आमच्या घरून हरपली. आपल्या तोंडानं कबूल केलं. मुन्शीजीचा पोरगा खोटा कायले बोलन, असं समजून." बाबांचं नाव घेतलं त्यांनी. मुन्शीजी म्हणून.

मी म्हटलं, काका, मी आत्ताच कुडव्याला जातो, ताईला सगळं सांगतो. तेव्हा प्रिया पहिल्यांदा बोलली. "तोंडानं नको सांगू दादा. तोंडानं तू तिथं पोचेपर्यंत दुसरंच तयार करशीन. लिहून दे. इथं बसून लिही. मी वाचते, मंग ने."

म्हणून हे लिहून राहिलो, तिच्या क्लासच्या वहीच्या कागदावर. ती समोर बसून गोधडीला टाके घालते आणि मधे मधे येऊन वाचते. डोंगरगडचंही वाचलं. "माकडाचं काऊन लिहिलं?" म्हणाली. मी म्हटलं, खोडतो. "राहू दे. ताईले समजू दे, तुहं ध्यान कुठं राहते ते."

आता त्यांचं म्हणणं लिहितो, तेच मुख्य आहे.

काकांना मी सांगितलं की ताईनं आता क्लाऊड घेतलं असेल, डिस्क ठेवायची गरज राहिली नाही. ते म्हणाले, "तिकडं ठेवाचं तं ठेवा. एक इथं बी ठेवा. माह्या घरून वस्तू हरपली असं साऱ्या टोल्याले माईत हाय. आता माह्या घरी वस्तू राहते, हे बी माईत झालं पायजे." माफी त्यांनी मागितली नाही, ताई. डिस्क मागितली. आणि माझ्या हातून नको म्हणाले. तू आणायची.

बॅकअपच्या हिशोबानं पाहिलं तरी त्यांचंच बरोबर आहे. पासपोर्टवाला फोल्डर क्लाऊडवर राहील, पण लग्नांचे मोठे व्हिडिओ तिथं परवडत नाहीत. त्यांना दुसऱ्या छपराखाली डिस्कच पाहिजे, आणि तुझ्या ओळखीत याच्यापेक्षा चांगलं छप्पर नाही. ज्यांनी न ठेवलेली वस्तू नऊ महिने शोधली, ते ठेवलेली कशी सांभाळतील, विचार कर. हे मी पहिल्या पत्रात लिहायला पाहिजे होतं.

प्रियाचं. मी वर एक ओळ लिहिली होती, "प्रियाला माफ करून कामावर घे." ती तिनं वाचली आणि विचारलं, "माफ कोनाले?" मग पेन घेऊन तिनं स्वतः ती ओळ खोडली. कागद फाटला आहे तिथं, ते तिचं काम आहे. तिचं म्हणणं असं, की ती काम मागायला येणार नाही. ताईनं बोलावलं होतं, ताईनंच नाही म्हटलं, तर आता ताईनं इथं येऊन, आईसमोर, बोलवावं. नाही आली तर गुरुवारी बारा वाजता टोळीची गाडी आहे आणि ती त्यात बसेल. रडून-भेकून नाही म्हणाली हे. टाका घालता घालता म्हणाली.

काकू अजून बाहेर आल्या नाहीत.

माझं म्हणशील तर मला काही मागायचं नाही. मी पुन्हा कुठं निघून जाईन असं तुला वाटेल. तसं वाटायला कारण आहे. मला स्वतःलाही वाटते, इथं लिहिता लिहिता दोनदा गाडीचा भोंगा ऐकला आणि दोन्ही वेळा पाय हलले. पण हे पत्र पोस्टात जाणार नाही. चारची मेमू आहे, ती पकडून मी स्वतः कुडव्याला घेऊन येतो. तुझ्या हातात देईन आणि तू शेवटच्या ओळीपर्यंत येईस्तोवर दुकानाच्या पायरीवर उभा राहीन, जिथं काका उभे होते तिथं. आत ये म्हणू नको. पाणीही देऊ नको. सुलोचनाबाईंकडे मी नंतर एकटा जाईन, तिथं तुला नेत नाही.

उद्या सकाळी सालेकशाची पहिली गाडी आहे. तुला मला जे बोलायचं असेल ते गाडीत बोल, पाऊण तास मिळते. आता वाचून झालं असेल तर उठ आणि डिस्क काढ.

दुर्गेश